मॅस्टोडॉनसाठी 'वाचायचंय' बटण : घरगुती युजरस्क्रिप्ट (बडोदा वाचनकट्टा)

मांडवीकर

आपल्या बडोद्याच्या वाचनकट्ट्यातली बरीच मंडळी आता मॅस्टोडॉनवर (अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम) आहेत. दिवसभर कोणी ना कोणी लांबलचक लेखांचे दुवे टाकत असतं. कामाच्या वेळी वाचायला सवड कुठली, म्हणून आपण बुकमार्क करून मोकळे होतो. ही सोय मॅस्टोडॉनमध्ये २०२० च्या ३.१ आवृत्तीपासून आहे. खाजगी असते, लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण साठतो तो नुसता ढीग. कप्पे नाहीत, वाचून झालेलं वेगळं काढता येत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण ते का ठेवलं होतं याची नोंद कुठेच नाही. काही दिवसांनी यादी उघडावी तर कोणीतरी 'नक्की वाचा' म्हणतंय, खाली एक मथळा आहे आणि आपल्याला काडीचं आठवत नाही.

म्हणून एक युजरस्क्रिप्ट लिहिली आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी : साइट उघडली की तिच्यावर आपला जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा चालतो. साइटवाल्यांना विचारावं लागत नाही आणि झालेला बदल फक्त आपल्याला दिसतो. अशा स्क्रिप्टी चालवायला ब्राउझरला एक एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) लावावं लागतं. फायरफॉक्ससाठी ग्रीसमंकी २००४ साली आलं, तेव्हापासूनची ही रीत. मी व्हायोलेंटमंकी वापरतो, कारण त्याचा कोड खुला आहे. टॅम्परमंकीतही चालते.

पोस्टखाली उत्तर, बूस्ट वगैरेची पट्टी असते, तिच्या शेवटी 'वाचायचंय' असं बटण येतं. दाबलं की एका ओळीची चौकट उघडते : 'का?' ती भरल्याशिवाय पोस्ट यादीत जात नाही. हे मुद्दाम केलेलं आहे.

यादीत मूळ पोस्टचा पत्ता, त्यातल्या लेखाचा पत्ता आणि मथळा, तारीख आणि तुमचं 'का' एवढंच जातं. मथळा मिळवायला काहीच त्रास पडला नाही. मॅस्टोडॉनच्या एपीआयला (प्रोग्रॅमने सर्व्हरकडून माहिती मागायची खिडकी) पोस्टचा क्रमांक दिला की उत्तरात 'कार्ड' नावाचा भाग येतो. पोस्टखाली चित्र आणि मथळ्याची जी चौकट दिसते, ती त्यातूनच बनते. लेखाचा दुवा आणि मथळा तिथे आयता बसलेला असतो.

घाम काढला तो बटणाने. मॅस्टोडॉनचं पान एकदा उघडलं म्हणजे झालं असं नसतं. स्क्रोल करू तशा नव्या पोस्टी येतात आणि नजरेआड गेलेल्या पोस्टींच्या आतला मजकूर काढून घेतला जातो. परत वर गेलात की तो नव्याने बांधला जातो, आणि आपलं बटण गायब! त्यामुळे म्युटेशन ऑब्झर्व्हर (पानातले बदल टिपणारी ब्राउझरची सोय) लावून पहारा ठेवावा लागतो : नवं 'आर्टिकल', म्हणजे पोस्टचा डबा, आलं की बघ, बटण नसेल तर लाव. शिवाय पोस्टवर कुठेही क्लिक केलं की पोस्ट उघडते. म्हणून बटणावरचा क्लिक तिथल्या तिथे अडवायचा, नाहीतर चौकट उघडते न उघडते तोच पान बदलतं.

फाइल धाग्याला जोडली आहे. वापरून सांगा.

राजवाडा_इंदूर

भिया, एवढा खटाटोप कशाला? मी दुवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो. संपलं.

मांडवीकर

आणि मग वाचता?

राजवाडा_इंदूर

तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

कमाटीबाग

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. (हसू नका.)

सुरसागरकाठी

कोड वाचला. चालवण्याआधी सगळ्यांनीच वाचावा, आणि हे मांडवीकरांवर अविश्वास म्हणून म्हणत नाही. मॅस्टोडॉनमध्ये लॉगिन केलेल्या पानाच्या आतच 'इनिशियल-स्टेट' नावाचा मजकूर असतो आणि त्यात तुमचं टोकन (तुमच्या खात्याची किल्लीच म्हणा) असतं. त्या पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट ते उचलू शकते, आणि उचललं की तुमच्या नावाने पोस्ट टाकणं, कोणाला फॉलो करणं, सगळं तिच्या हातात. तुम्हाला परवानगी विचारणारी चौकटही दिसणार नाही. कोणाच्या तरी पानावरून 'बुकमार्क सुधारक' म्हणून डोळे मिटून स्क्रिप्ट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इथे तसं काही नाही. एपीआयला विचारताना कुकीसुद्धा (लॉगिनची ओळख) पाठवलेली नाही, त्यामुळे फक्त सार्वजनिक पोस्टच यादीत जाते. हे आवडलं. वरची 'मॅच' ओळही (स्क्रिप्ट कोणत्या साइटवर चालावी ते सांगणारी) एकाच सर्व्हरची आहे. ज्याने त्याने तिथे आपल्या सर्व्हरचा पत्ता घालावा. 'सगळीकडे चालू दे' म्हणून चांदणी (*) टाकू नका.

दोन सूचना. मथळे दाखवताना 'इनर-एचटीएमएल' अजिबात नको, 'टेक्स्ट-कंटेंट' वापरा, म्हणजे आलेलं नुसता मजकूर म्हणून दिसेल, कोड म्हणून चालणार नाही. मथळा बाहेरच्या साइटवरून येतो, त्यात कोणी काय भरून ठेवलं असेल सांगता येत नाही. आणि यादी लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझर प्रत्येक साइटसाठी राखतो त्या जागेत) आहे, ती मंकीच्या स्वतःच्या साठवणीत हलवा.

कमाटीबाग

लोकल स्टोरेजला काय झालं? मी सगळीकडे तेच वापरतो.

सुरसागरकाठी

तीन गोष्टी होतात. ते साइटच्या नावावर असतं, म्हणजे साइटचा स्वतःचा कोडही ते वाचू शकतो. ब्राउझरमध्ये 'साइटचा डेटा पुसा' केलंत की यादीही जाते, आणि लॉगिन अडकलं की आपण पहिलं तेच करतो. सफारीत तर तुम्ही ब्राउझर वापरताय पण त्या साइटकडे फिरकला नाहीत, असे ७ दिवस गेले की स्क्रिप्टने लिहिलेलं आपोआप पुसलं जातं. सुट्टीवरून परत याल आणि यादी कोरी.

मांडवीकर

दोन्ही सूचना मान्य. नवी फाइल जोडली आहे. जुनी यादी पहिल्यांदा चालवल्यावर आपोआप हलेल.

नलूमावशी

मांडवीकर, बटण बसलं हो. भाच्याने बसवून दिलं. आता माझं म्हणणं. 'का?' विचारणं मला फार आवडलं. पहिल्यांदा चिडचिड झाली, म्हटलं हा कोण विचारणारा. पण आता तीन-चारदा असं झालं की 'का' लिहायला गेले आणि काही सुचेना, मग सोडूनच दिलं. नाहीतर तो लेख यादीत जाऊन बसला असता आणि मी कधीच वाचला नसता.

माझ्या यादीतल्या ओळी अशा आहेत : 'सुधाला पाठवायचा, तिच्या गुडघ्याबद्दल आहे.' 'लिलो चिवडो नीट जमावा म्हणून बटाट्याचं काहीतरी सांगितलंय.' 'लेखक चुकतोय असं वाटतं, पूर्ण वाचून ठरवू.' ही शेवटची ओळ मला स्वतःलाच आवडली.

दक्षिणी_ग्वाल्हेर

मावशी, तुमची शेवटची ओळ चोरतोय.

मांडवीकर, माझ्याकडे एक विचित्र भानगड आहे. मी तुमच्या स्क्रिप्टमध्ये थोडे फेरफार केले. यादीतून एकदम पोस्टच उघडावी म्हणून पत्त्याऐवजी नुसता क्रमांक साठवला. आता यादीतलं काहीही उघडलं तर 'सापडलं नाही' येतं, आणि एकदा तर भलत्याच माणसाची पोस्ट उघडली. क्रमांक नीट बघितला तर शेवटचे आकडे बदललेले. हे कसं शक्य आहे?

सुरसागरकाठी

तुम्ही क्रमांकाचा 'नंबर' केलात का? मॅस्टोडॉनचे क्रमांक आता १८ आकड्यांचे असतात. जावास्क्रिप्ट पूर्णांक बिनचूक धरते ते ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच, म्हणजे १६ आकडे. त्यापुढे ती जवळच्या आकड्यावर गोल करते आणि बिनबोभाट पुढे जाते. म्हणूनच एपीआय क्रमांक अवतरणात, मजकूर म्हणून देते. तो तसाच ठेवा.

दक्षिणी_ग्वाल्हेर

बरोब्बर! 'पार्स-इंट' (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) होतं. काढलं, झालं. दंडवत.

मांडवीकर

ग्वाल्हेरकर, तरीही क्रमांकावर विसंबू नका. तो तुमच्या सर्व्हरपुरता असतो. एकच पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवर वेगळ्या क्रमांकाने बसते. उद्या तुम्ही सर्व्हर बदललात की सगळे क्रमांक कचऱ्यात. पोस्टचा मूळ पत्ता मात्र लिहिणाऱ्याच्या सर्व्हरचा असतो, तो कुठूनही उघडतो. मी तो साठवतोय त्याचं कारण हे.

सर्व्हर बदलताना मॅस्टोडॉनचे स्वतःचे बुकमार्कही नेता येतात, सेटिंगमध्ये 'आयात-निर्यात'मध्ये सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) मिळते. पण ती उघडून बघा : नुसते पत्ते, एकाखाली एक. मथळा नाही, तारीख नाही. माझ्या निर्यातीत 'का'चा रकाना पहिला आहे.

जुनं_पान

हा सगळा खेळ आम्ही आधी बघितलाय. दुवे साठवायचं डिलिशस २००३ साली आलं, मग याहूने घेतलं, मग त्याचे हाल कुत्रं खाईना. २००७ चं 'रीड इट लेटर' पुढे पॉकेट झालं, २०१७ मध्ये मोझिलाने घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद केलं. तसंच लेख साठवणारं ऑम्निव्होर त्याच्याही आधी गेलं, २०२४ च्या नोव्हेंबरात. दर वेळी लोक निर्यातीची फाइल उतरवून घेतात आणि ती 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहते. मांडवीकरांचं हे बाकी काही नसलं तरी कोणाच्या मर्जीवर नाही. उद्या व्हायोलेंटमंकी बंद पडलं तरी दुसऱ्या मंकीत चिकटवून चालेल.

जाता जाता : ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावर बुकमार्कच नव्हते तेव्हा लोक पोस्टखाली टाचणीचं चिन्ह उत्तर म्हणून टाकायचे, आणि आपापल्या टाचण्या गोळा करून दाखवणारी एक फीड कोणीतरी बनवली होती. म्हणजे तुम्ही काय वाचायला ठेवलंय ते जगजाहीर. २०२५ च्या सप्टेंबरात खरी सोय आली तेव्हा ते थांबायला लागलं. गरज असली की लोक काय वाट्टेल ते करतात.

कमाटीबाग

माझी मागणी : पोस्टचा पूर्ण मजकूर पण साठवा. लोक पोस्टी पुसतात. मी ठेवलेल्या कितीतरी पोस्टी आता उघडतच नाहीत.

सुरसागरकाठी

नको. पुसली म्हणजे त्या माणसाला ती आता नकोय. जुन्या पोस्टी ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसायची सोय मॅस्टोडॉननेच दिली आहे, लोक विचार करून ती लावतात. आपण चोरून प्रत ठेवायची आणि वर वाचनयादी म्हणायचं, हे मला पटत नाही.

कमाटीबाग

चोरून काय? सार्वजनिक पोस्ट आहे, मी माझ्या कॉम्प्युटरवर ठेवतोय. वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ठेवलं तर संपादकाला विचारता का?

नलूमावशी

कात्रण छापलेल्या गोष्टीचं असतं रे बाबा. इथे कोणी रात्री दोन वाजता रडून काहीतरी लिहितं आणि सकाळी पुसतं.

राजवाडा_इंदूर

पोहे-जिलबी घेऊन बसलो आहे.

मांडवीकर

मजकूर साठवणार नाही. मला वाचायचा असतो तो लेख, पोस्ट म्हणजे त्याच्याकडे जायचा रस्ता. लेखाचा पत्ता यादीत आहेच. पोस्ट पुसली गेली तरी तो उघडतो. ज्या पोस्टमध्ये दुवा नाही, ती पोस्टच वाचनीय आहे, तिथे कमाटीबागेचं म्हणणं मला समजतं. पण तिथेही मी 'का' ओळीवर भागवतो. फाइल तुमच्याकडे आहे, तुम्हाला हवं तर एका ओळीचं काम आहे. मी ती ओळ लिहिणार नाही.

जुनं_पान

मांडवीकर हे नाव घेतलंय म्हणून विचारतो, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेलाय का कधी? की नुसतेच स्क्रीनवर?

मांडवीकर

काका, घर लायब्ररीपासून चालत आहे. वरच्या मजल्यावरच्या जाड काचेच्या लाद्यांवरून चालताना लहानपणी पाय कापायचे. खालच्या मांडण्यांपर्यंत उजेड जावा म्हणून काच, हे कारण फार उशिरा कळलं.

जुनं_पान

मग मर्यादेचं तुम्हाला सुचायला हवं होतं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डेन नावाचे ग्रंथपाल आणले, संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. ज्या गावात वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांची लाकडी पेटी जायची. पेटीत मावतील तेवढीच पुस्तकं. वाचून ती परत गेली की दुसरी. पाठवणाऱ्याला ठरवावं लागायचं की या गावाला काय द्यायचं, आणि वाचणाऱ्याला ठाऊक असायचं की हे कायमचं आपल्याकडे राहणार नाही.

तुमच्या यादीला बूड नाही. 'का' लिहून का होईना, माणूस पाचशे लेख भरेल. यादीला मर्यादा घाला. भरली की नवं घेताना जुनं एक काढावंच लागेल.

कमाटीबाग

काका, आता यादीचं पण रेशनिंग?

नलूमावशी

मला चालेल. माझी आत्ताच लांबायला लागली आहे.

मांडवीकर

काका, हे डोक्यात घुसलं. आवृत्ती ०.४ जोडतोय. वर 'यादीची मर्यादा' असं सेटिंग आहे, मुळात ३० वर ठेवलंय, शून्य केलं तर मर्यादा नाही (कमाटीबाग, तुमच्यासाठी). भरलेली असताना बटण दाबलं की सगळ्यात जुन्या तीन नोंदी त्यांच्या 'का'सकट समोर येतात : वाचली, नको, किंवा राहू दे. राहू दे म्हटलं की ती नोंद नव्याने वर जाते, पण तिचं 'का' पुन्हा लिहावं लागतं.

गंमत ही की मर्यादा आल्यावर 'का'चा खरा उपयोग दिसायला लागला. नुसते मथळे समोर ठेवून काय काढायचं ते ठरवताच येत नाही, सगळेच महत्त्वाचे वाटतात. 'सुधाला पाठवायचा' वाचलं की लगेच कळतं : पाठवला, काढा.

नलूमावशी

सुधाला पाठवला. तिने वाचला नाही.

दक्षिणी_ग्वाल्हेर

फोनवर कसं करायचं? मी निम्मं वाचन फोनवर करतो, मॅस्टोडॉनच्या ॲपमध्ये.

सुरसागरकाठी

ॲपमध्ये नाही होणार, युजरस्क्रिप्ट ब्राउझरमध्येच चालते. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात व्हायोलेंटमंकी बसतं. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. आयफोनवर सफारीसाठी 'युजरस्क्रिप्ट्स' नावाचं खुल्या कोडचं ॲप आहे. पण फोनची यादी आणि कॉम्प्युटरची यादी वेगवेगळी राहील, निर्यात-आयात करून जुळवावी लागेल.

मांडवीकर, एक राहिलं. बटणावर नुसतं चित्र ठेवलंय छोट्या पडद्यासाठी. त्याला 'एरिया-लेबल' (स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते नाव) द्या. आपल्या कट्ट्यावर एक सभासद स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम) वापरतात, त्यांना प्रत्येक पोस्टखाली नुसतं 'बटण, बटण' ऐकू येईल.

मांडवीकर

दिलं. लेबलमध्ये लिहिणाऱ्याचं नावही घातलंय, म्हणजे कोणत्या पोस्टचं बटण ते कळेल.

राजवाडा_इंदूर

बरं, हरलो. घेतलं टॅम्परमंकी, टाकली स्क्रिप्ट, बटण काही दिसत नाही. क्रोम आहे. पान दहादा रिफ्रेश केलं.

सुरसागरकाठी

क्रोममध्ये एक जास्तीची परवानगी लागते. एक्स्टेन्शनच्या पानावर जा, टॅम्परमंकीच्या 'डीटेल्स'मध्ये 'अलाऊ युजर स्क्रिप्ट्स' असा खटका आहे, तो चालू करा. क्रोम १३८ पासून तो तिथे आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर त्याच पानावर वर उजवीकडे 'डेव्हलपर मोड' चालू करायचा. मग पान रिफ्रेश करा. आणि 'मॅच' ओळीत तुमच्या सर्व्हरचा पत्ता घातलाय ना?

राजवाडा_इंदूर

नव्हता घातला. आता दिसलं! मस्त आहे भिया. आणि 'का?' मध्ये नुसतं टिंब टाकलं तरी चालतंय.

मांडवीकर

०.५ मध्ये टिंब बंद.

राजवाडा_इंदूर

मग स्वल्पविराम.